काल रात्री बर्फ गोठला का?

नमस्कार मंडळी. एप्रिल लागला की इकडे कोलोरॅडोत ऊन छान पडायला लागतं आणि डेन्व्हरच्या आपल्या मराठी लोकांचे फोन सुरू होतात, थंडी संपली, आता रिसॉर्टच्या बाहेर मोकळ्या डोंगरात स्की करायला हरकत नाही ना, अ‍ॅव्हलांच, म्हणजे डोंगरावरून घसरून येणारा बर्फाचा लोंढा, आता कुठली. येते हो, एप्रिलमध्येही येते, म्हणून आज हेच बोलायचं ठरवलं.

आत्ता बर्फ दिवसा वितळतो आणि रात्री परत गोठतो, असं बरेच दिवस झालं की वर जाड्या मिठासारखे दाणे तयार होतात, त्याला कॉर्न स्नो म्हणतात, आणि सकाळी त्याचा वरचा बोटभर थर सैल झाला की स्कीखाली जे सुख लागतं ना, ते जानेवारीतल्या भुसभुशीत बर्फातही नाही. पण सगळं रात्रीच्या गोठण्यावर. आकाश निरभ्र असलं तर बर्फातली उष्णता वर निघून जाते आणि हवा शून्याच्या जरा वर असली तरी तो गोठतो, ढग असले तर गोधडी पांघरल्यासारखी उष्णता अडकते आणि तेवढ्याच थंडीत बर्फ ओला राहतो. म्हणून मी आधी ढगांचा अंदाज बघतो, तापमान नंतर.

पहाटे गाडीतून उतरलो की बूट दाबून बघायचा. करकर वाजला, आत गेला नाही, चांगलं. तेवढ्यावर जाऊ नका, स्कीची काठी उलटी धरून मुठीच्या बाजूने जोरात खुपसा, वरचा थर पापडासारखा मोडला आणि खाली ओलं मऊ लागलं तर तो उन्हात फार टिकत नाही, तिथूनच मागे फिरायचं. ऊन आधी पूर्वेच्या उतारावर, मग दक्षिणेच्या, शेवटी पश्चिमेच्या. खडकांखालून बर्फाचे गोळे घरंगळायला लागले, बूट घोट्याच्या वर बुडायला लागला की उशीर झालाय. ओला बर्फ सावकाश येतो पण सिमेंटसारखा जड असतो आणि थांबला की आवळतो.

उत्तरेच्या सावलीतल्या उतारांची गोष्ट वेगळी. तिथे हिवाळ्याच्या सुरुवातीचा पातळ बर्फ जमिनीलगत साखरेसारखा सुटा होऊन बसतो आणि पुढचे सगळे महिने त्याच्यावर ओझं वाढत जातं. २० एप्रिल २०१३ ला लव्हलँड पास या इथल्या घाटाजवळ शीप क्रीकला असाच जमिनीपर्यंतचा थर सुटला. सहा जण त्याखाली अडकले, पाच गेले. शोधायची-खणायची साधनं जवळ होती, ते वर चढलेही नव्हते, उताराच्या पायथ्याशी होते, पण सगळे एकदमच अडकले आणि खणायला बाहेर कुणी उरलं नाही, हे आठवलं की मला अजून कसंतरी होतं. म्हणून हात जोडून सांगतो, ३० अंशांच्या वरच्या उतारावर एका वेळी एकच माणूस, आणि त्याच्या खालूनही तसंच. बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून बघायचं. आणि दोन-तीन रात्री सलग गोठण झालं नाही तर पाणी त्या साखरेपर्यंत झिरपतं, मग अख्खा उतार सुटू शकतो, तेव्हा डोंगरात जाऊच नका.

राज्याच्या अ‍ॅव्हलांच सेंटरचं बुलेटिन रोज येतं, ते वाचाच. आणि शनिवारी निघणार असाल तर शुक्रवारी झोपायच्या आधी अंगणात येऊन वर बघा. चांदण्या स्वच्छ दिसल्या तर पहाटे साडेतीनचा अलार्म लावा.