वैष्णोदेवी चौक ते वासुदेव नगर

(सकाळ. इतवारीतली गल्ली, दुकानांची शटर उघडून राहिली आहेत.)

ही नागपुरातली इतवारी. होलसेलचा बाजार, दिवाळीच्या तोंडावर तर इथं पाय ठेवायला जागा नसते. इथल्याच एका साडीच्या दुकानात वरच्या मजल्यावर ताई बिलिंग बघते. तिचं नाव सांगणार नाही, चेहराही दाखवणार नाही, मुलगा शाळेत जातो म्हणून ही अट तिनं आधीच घातली. बीकॉम लग्नाआधी झालं होतं, टॅलीचा क्लास मात्र घटस्फोटाची केस चालू असताना केला, कोर्टाची तारीख नसेल त्या दिवशी.

लग्न का मोडलं ते आम्ही विचारलं नाही. तेवढंच तर सगळे विचारतात, नातेवाईक, शेजारी, शाळेच्या गेटवरच्या बाया, आणि कारण कळलं की आपापल्या घरी जातात. मग घरभाडं कसं निघतं, पोराला रात्री ताप चढला की दवाखान्यात कोण येतं सोबत, हे विचारायला कुणी थांबत नाही.

(कुटुंब न्यायालयाचं आवार, बाहेरून.)

सुरुवातीला वकिलाला द्यायला पैसेच नव्हते. हे मुद्दाम सांगतो, कारण कितीतरी बायांना माहीत नसतं: 1987 च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे बाईला सरकारकडून मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न किती आहे ते बघत नाहीत. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा, बस. पोटगीचा अर्ज करताना ताईला लाज वाटत होती. काहून वाटावी? पोरगं दोघांचं, मग खर्चही दोघांचाच ना. 2020 मध्ये सुप्रीम कोर्टानं स्पष्ट सांगितलं की पोटगी अर्ज केल्याच्या तारखेपासून धरायची आणि दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता शपथपत्रावर द्यायची.

शेवटी दोघं परस्पर संमतीवर आले. हिंदू विवाह कायद्याचं कलम 13ब, त्यात अर्जाच्या आधी किमान वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं आणि अर्जानंतर पुन्हा सहा महिने थांबायचं, हे सहा महिने न्यायाधीश माफ करू शकतात असा 2017 चा निकाल आहे पण या दोघांनी ती सूट मागितलीच नाही, कारण पोराचं ठरायचं होतं. पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे राहावं असं कायदा म्हणतो, हा सहाचा झालेला. मग समुपदेशक मॅडमसमोर बसून एकेक गोष्ट कागदावर आली, फी कोणाकडे, दिवाळी कुठं, उन्हाळ्याच्या सुट्या कशा वाटायच्या, आजारी पडला तर पहिला फोन कुणी कुणाला करायचा.

मॅडमनी एक गोष्ट बजावली होती, पोराच्या हाती निरोप पाठवायचा नाही. "बाबांना सांग फी भरायची आहे", "आईला विचार रविवारी का पाठवलं नाही", हे बंद. आता जे काय असेल ते दोघं एकमेकांना व्हॉट्सअ‍ॅपवर लिहितात, तेही फक्त मुलापुरतं. मला विचाराल तर कोर्टाच्या कागदापेक्षा हे जास्त मोलाचं आहे, पोरगं मधल्या मध्ये भरडलं जात नाही.

(तान्हा पोळा. मुलं सजवलेले लाकडी नंदी घेऊन गल्लीत.)

वेगळं झाल्यावरचा पहिला तान्हा पोळा, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा पोरांचा लाकडी बैलांचा सण. आई-मुलगा आता वैष्णोदेवी चौकाकडे, ताईच्या माहेराजवळ राहतात, आणि लाकडी नंदी राहिला होता तिकडे वासुदेव नगरला बाबाच्या घरी. मुलगा दुसरा नंदी घ्यायला तयारच नाही. त्या दिवशी बाबा स्वतः नंदी घेऊन मेट्रोनं आला, शिंगांना नवीन रंग देऊन. स्टेशनखाली आजोबा, म्हणजे ताईचे वडील, उभे होते. या सासरे-जावयाचं कोर्टात खूप वाजलं होतं, आजोबांनी "चहा घेऊन जा" एवढंच म्हटलं, तो वर आला, कप धुवून ठेवला आणि गेला. मुलगा गल्लीभर फिरून बोजारा, म्हणजे घरोघरी मिळणारे पैसे-खाऊ, गोळा करून आला आणि पैसे कुणाकडे ठेवायचे यावरून आईशी भांडला.

ताई दुसरं लग्न करणार का? आत्ता नाही म्हणते. करावंसं वाटलं तर करेल, तो तिचा प्रश्न आहे. सध्या तिला भाड्याचा करारनामा स्वतःच्या नावावर पाहिजे, एकट्या बाईला घर द्यायला मालक अजूनही कांकू करतात, माहेरच्या ओळखीनं मिळालेल्या या दोन खोल्यांसाठीसुद्धा आजोबांना सही करावी लागली.

आणि आजी, म्हणजे बाबाची आई. नातवाला भेटायचं कुठल्या कागदात लिहिलेलं नाही. ताईनंच फोन केला, "आई, तुम्ही या ना." तेव्हापासून त्या येतात, मेट्रोची एकच लाइन, गाडी बदलावी लागत नाही. पुढच्या महिन्यात त्याची परीक्षा आहे तर गणित त्या घेणार आहेत, मराठी आजोबा, आणि कोण आधी बसणार यावर अजून त्यांचं ठरून राहिलं आहे.