पाटणच्या दगडातली तेलाची पळी

चाळीसगाव मागे पडलं की समोर सातमाळ्याची रांग उभी राहते, ही बघा, गाडीच्या काचेतून दिसतेय तीच. दोन्ही बाजूंनी कपाशी, मागच्या सीटवर पोरं, मधे आजी, डिक्कीत कळण्याच्या भाकरी आणि ठेचा. चाळीसगावपासून पाटण १८ किलोमीटर, गौताळा अभयारण्याच्या कुशीत.

पोरांना आधी लेणी बघायची होती म्हणून सरळ कन्हेरगडाची वाट धरली. ही नागार्जुन कोठी. आत शिरलं की दोन मिनिटं काहीच दिसत नाही, मग हळूहळू अंधारातून तीर्थंकरांच्या मूर्ती वर येतात, बॅटरीचा उजेड कुठे थांबतोय ते बघा. पुढे सीतेची न्हाणी. खाली आलो की हे महादेवाचं जुनं मंदिर, केंद्र सरकारच्या संरक्षित यादीतलं, बाहेरच्या भिंतीवर नजर टाकाल तिथे कोरीवकाम.

आणि आता ज्याच्यासाठी गाडी काढली ते. पाटणादेवीला अख्खा खान्देश येतो, नवस फेडतो, पण याच देवीच्या देवळातल्या या दगडाजवळ फार कमी लोक थांबतात. शके ११२८ चा शिलालेख आहे हा, म्हणजे ८०० वर्षांच्याही आधीचा. मुंबईचे डॉक्टर आणि जुन्या लेखांचे अभ्यासक भाऊ दाजी लाड यांनी १९व्या शतकात तो अभ्यासकांसमोर आणला. लीलावती लिहिणाऱ्या भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, यादवराजा सिंघणाच्या दरबारातला ज्योतिषी, त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला इथे मठ काढला आणि इथल्या निकुंभ राजांनी त्याला दान दिलं. या जंगलात गणित शिकवलं जात होतं हो!

वरचा मजकूर संस्कृत, पण शेवटी लेख एकदम आपल्या मराठीत येतो, कारण आता बाजाराचा हिशोब सुरू होतो. पाटणच्या पेठेत जो माल उघडेल त्याच्यावरचा राजाचा वाटा मठाला. जेवढे तेलाचे घाणे चालतील तेवढ्यांनी प्रत्येकी एक पळी तेल द्यायचं. इथे जे मोजायचं ते मठाच्याच मापाने मोजायचं आणि मापाईतली, म्हणजे मोजणावळीतली, अर्धी मठाची, अर्धी मापाऱ्याची. राजाने दिलं ते दिलंच, पण शाळा चालली ती तेली, मापारी आणि गिऱ्हाइकांच्या जिवावर, आणि हे सगळं दगडात लिहून ठेवलंय, आपल्या भाषेत, आपल्या गावात.

लेण्यांच्या भिंतींवर मात्र लोकांनी नावं कोरलीत, ती ही.

आजी बराच वेळ अक्षरांकडे बघत राहिली. "भाऊ, आठे काय लिखेल शे रे?" नातवाने पळीभर तेलाचं सांगितलं.

"पळी? ती ते आपला घरमा बी शे."