खडकाळ डोंगरवाटेवरची सायकल : कसोटी चढणीची

श्रोतेहो, नमस्कार.

माउंटन बाइक म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर उतार येतो. कड्यालगतची अरुंद वाट, चाकांखालून उडणारे खडे आणि पाहणाऱ्याच्याच पोटात येणारा गोळा, असे ते चित्र असते. हे चित्र खोटे नाही. पण डोंगराळ, दगडधोंड्यांच्या मुलखातून दिवसभर सायकल हाकून आलेल्या माणसाला दम कुठे निघाला असे विचारले, तर तो उताराचे नाव क्वचितच घेईल. माझे मत तर याहून ठाम आहे. अशा सफरीची खरी कसोटी चढणीवर आणि चढण संपल्यानंतरच्या दगडाळ माथ्यावर लागते. उतारावर जे काही बिघडते, त्याचे बीज पुष्कळदा चढणीवर किंवा माथ्यावरच पडलेले असते.

या खेळाच्या इतिहासातही याचा दाखला सापडतो. 21 ऑक्टोबर 1976 रोजी अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील फेअरफॅक्स गावाजवळच्या एका कच्च्या डोंगरी रस्त्यावर काही तरुणांनी उताराची शर्यत लावली. सुमारे 3.4 किलोमीटरच्या त्या वाटेवर जवळजवळ 400 मीटर खाली उतरायचे होते. सायकली होत्या कित्येक दशके जुन्या, जाड टायरच्या, अंगाने जड, आणि पेडल उलटे दाबल्यावर मागच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यात, ब्रेक लागणाऱ्या. खाली पोहोचेपर्यंत तो हब इतका तापे की आतल्या ग्रीसचा धूर होऊन जाई आणि पुढच्या फेरीआधी तो उघडून नवे ग्रीस भरावे लागे. उतरण्यापुरत्या त्या सायकली ठीक होत्या. वर नेताना मात्र त्या ढकलाव्या तरी लागत, नाहीतर ट्रकमध्ये तरी घालाव्या लागत. त्याच सुमारास गॅरी फिशर यांच्यासारख्या हौशी मंडळींनी त्या जुन्या सांगाड्यांना अनेक गिअर बसवले, 1977 मध्ये जो ब्रीझ नावाच्या सायकल-कारागिराने खास याच कामासाठी नवी फ्रेम घडवली, आणि डोंगर स्वतःच्या पायांच्या बळावर चढून जाणे शक्य झाले. माझ्या लेखी माउंटन बाइकचा जन्म तिथे झाला. पुढे 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये या खेळाला प्रवेश मिळाला, तोही क्रॉस-कंट्री या प्रकारात, ज्यात चढ चढल्यावाचून उतार वाट्याला येत नाही. निव्वळ उताराच्या शर्यतीला ऑलिंपिकचे दार अजून उघडलेले नाही.

आता चढणीचे गणित पाहू. आजच्या अनेक माउंटन बाइकना पुढे 32 दातांची एकच चकती असते आणि मागच्या संचातली सर्वांत मोठी चकती 51 दातांची असते. 29 इंची चाकाचा घेर टायरसह सुमारे 2.3 मीटर भरतो. म्हणजे सर्वांत हलक्या गिअरमध्ये पेडलचा एक पूर्ण फेरा मारला, तर सायकल जेमतेम 1.44 मीटर पुढे सरकते. मिनिटाला 60 फेरे धरले, तर वेग ताशी पाच किलोमीटरांच्या किंचित वर जातो. झपझप चालणारा माणूस याच वेगाने जातो. सायकल भरधाव असते तेव्हा हँडलच्या बारीकशा हालचालीवर तोल सांभाळला जातो. हा वेग नसला की तोच तोल राखायला हँडल बरेच डावीउजवीकडे फिरवावे लागते, आणि खडकाळ वाटेवर एका बाजूला धोंडा व दुसऱ्या बाजूला पावसाच्या पाण्याने कोरलेली घळ असल्यामुळे तेवढी रुंदी मिळत नाही. शिवाय वेगातली सायकल मुठीएवढ्या दगडावरून आपल्याच जोराने निघून जाते. चालीच्या वेगाने जाणारी सायकल मात्र प्रत्येक दगडापाशी थबकते आणि तिला त्यावरून पार करण्याचे काम दर वेळी पायांनाच करावे लागते.

अशी एखादीच जागा जवळून पाहू या. ऐन चढावर कातळाची एक आडवी कड वाटेतून वर आली आहे, उंची दहा-बारा सेंटिमीटर, तिच्या पायथ्याशी सुटी खडी. नवखा स्वार इथे सर्वांत हलका गिअर टाकतो आणि फसतो, कारण त्या गिअरमध्ये पाय भराभर फिरतात, पण चाकाला एकदम रेटा मिळत नाही, आणि थोडा जादा जोर लावला की मागचे चाक खडीवर जागच्या जागी गरगरते. मुरलेला स्वार कडेच्या बराच अलीकडे एक-दोन घर जड गिअरवर येतो. सीटच्या पुढच्या टोकावर सरकतो, कोपरे वाकवतो, छाती हँडलकडे झुकवतो. असे केले नाही तर तीव्र चढावर पुढचे चाक हवेत उठू लागते. मात्र तो सीट पूर्णपणे सोडत नाही, कारण तसे केल्यास मागच्या टायरवरचा भार जातो आणि त्याची पकड सुटते. पुढचे चाक कडेला भिडण्याच्या क्षणी तो अर्धा फेरा जोरात मारतो, त्याच झटक्यात चाक वर घेतो आणि लगेच अंग पुढे झोकतो.

इथेच पेडलचा प्रश्न उभा राहतो. बहुतेक माउंटन बाइकवर खालच्या टोकाला आलेले पेडल जमिनीपासून केवळ 15-16 सेंटिमीटर उंच असते, आणि सस्पेन्शन दबल्यावर तर त्याहूनही खाली जाते. पुढचे चाक कडेवर आणि मागचे चाक अजून खाली अशा स्थितीत पेडल खालच्या टोकाला असले, तर ते सरळ कातळावर आदळते आणि सायकल जागीच खिळते. म्हणून पूर्ण फेरे न मारता पाय अर्धा फेरा पुढे, थोडासा मागे, पुन्हा अर्धा फेरा पुढे असे चालवावे लागतात, म्हणजे दोन्ही पेडले आडवीच राहतात. मागचे चाक कडेला टेकले की बूड क्षणभर हलके करायचे आणि चाक वर आले की पुन्हा टेकवायचे. हे सारे दोन-तीन सेकंदांत उरकते. आणि अशी एक कड पार केली की पुढे दुसरी उभीच असते.

टायरमधल्या हवेविषयीही थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण खडकावर निम्मी पकड तिथून येते, असे मी मानतो. हवा टणक भरली की सायकल हलकी पळते, हा डांबरी रस्त्यावरचा अनुभव इथे उलटतो. टणक टायर दगडाच्या टोकावरून उसळतो, तर थोडा मऊ टायर दगडाच्या आकाराप्रमाणे दबून त्याला धरून राहतो. सत्तर किलो वजनाच्या स्वाराला 2.4 इंच रुंदीच्या ट्यूबलेस टायरमध्ये साधारण 20 ते 25 पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड, हवेचा दाब मोजण्याचे एकक) हवा पुरते. मागच्या चाकावर भार अधिक पडत असल्याने तिथे पुढच्यापेक्षा एक-दोन पीएसआय जास्त ठेवायची. आत ट्यूब असेल तर इतके खाली जाता येत नाही. दगडाच्या धारेवर टायर पुरता दबला की ट्यूब रिम आणि दगड यांच्यात चिमटली जाते आणि तिला शेजारी शेजारी दोन भोके पडतात. ट्यूबलेसमध्ये हा चिमटा टळतो आणि बारीकसारीक भोके आतला लॅटेक्सचा द्रव आपोआप बुजवतो, मात्र टायरची बाजू दगडाच्या पात्याने फाटली तर त्या द्रवाचे काही चालत नाही. हवा फार कमी झाल्याची खूण कानांना आधी कळते. दगडावरून जाताना एरवी ऐकू येणाऱ्या दबक्या थपथपीच्या जागी मध्येच टणकन धातूचा आवाज आला, तर रिम दगडाला लागला असे समजावे आणि तिथेच थांबून पंप काढावा.

ही पकड दगडाच्या जातीवरही ठरते. खरबरीत वालुकाश्म आणि ग्रॅनाइट ओले असतानाही रबराला बऱ्यापैकी धरतात. चुनखडीचा दगड वर्षानुवर्षे पावलांनी घासून गुळगुळीत झालेला असेल, तर पावसात त्यावर उभे राहणेही मुश्कील होते. स्लेट पापुद्र्यांनी फुटते आणि तिच्या धारा टायर कापतात. इंग्लंडच्या पीक डिस्ट्रिक्टमध्ये उत्तरेकडे काळपट, जाड कणांचा वालुकाश्म आहे आणि दक्षिणेकडे पांढरी चुनखडी. त्यामुळे उत्तरेत ज्या ओल्या दगडावर बिनदिक्कत चाक घातले, तशाच ओल्या दगडावर दक्षिणेत घसरगुंडी व्हायची भीती असते. अमेरिकेतील युटा राज्यात मोॲबजवळच्या उघड्या वालुकाश्मावर कोरड्या दिवसांत टायर असा चिकटतो, की पायी चढतानाही विचार करावा लागेल असे चढ सायकलवरून चढता येतात. याउलट नारळाएवढ्या सुट्या गोट्यांनी भरलेली वाट कोणत्याही दगडाची असो, ती वाईटच, कारण तिथे टायरने दगड धरला तरी दगडाने जमीन धरलेली नसते. अशा ठिकाणी नेमकी रेषा निवडण्याचा अट्टहास सोडावा, हँडल सैल हातांनी धरावे आणि पुढच्या चाकाला थोडे भरकटू द्यावे.

चढण संपली की नवख्याला वाटते, सुटलो. पण खडकाळ माथ्यावरची सपाटी ही मोठी फसवी असते. इथे पेडल थांबवून विसावा घेता येत नाही, कारण प्रत्येक दगड थोडाथोडा वेग खातो. सीटवर निवांत बसताही येत नाही, कारण ती खालून धक्के देत राहते. आडोसा नसल्याने वारा सरळ अंगावर येतो, आणि उंचीबरोबर तापमानही उतरत जाते. सर्वसाधारण हिशेब दर हजार मीटरला साडेसहा अंश सेल्सिअसचा आहे. चढताना घामाने भिजलेले कपडे त्या वाऱ्यात बघता बघता अंग गारठवतात. गारठलेली बोटे ब्रेकच्या लिव्हरवर मंदावतात, हे पुढच्या उताराच्या दृष्टीने महत्त्वाचे. म्हणून वारारोधक जाकीट माथ्यावर पोहोचताच, थंडी वाजण्याआधीच चढवावे. खाणे आणि पाणी यांनाही हाच न्याय लावावा.

थकव्याचा सर्वांत घातक परिणाम पायांवर होत नाही, तो नजरेवर होतो. ताज्या दमाचा स्वार वाट पुढे दूरवर वाचत असतो; दमलेल्या स्वाराची नजर हळूहळू जवळ येत अखेर पुढच्या चाकापाशी थांबते, आणि ही गोष्ट त्याच्या स्वतःच्या लक्षातही येत नाही. ताशी 20 किलोमीटर वेगाने उतरताना सायकल सेकंदाला साडेपाच मीटरांहून अधिक अंतर कापते. नजर दोन मीटरवर असेल तर समोरचा धोंडा दिसल्यापासून आदळेपर्यंत अर्धा सेकंददेखील मिळत नाही. तोच धोंडा दहा मीटरवरून दिसला असता, तर वेग कमी करणे, वळणे किंवा वरून जाणे यांतला कोणताही पर्याय हातात होता. बेभरवशाचा वाटणारा उतार पुष्कळदा केवळ उशिरा पाहिलेला उतार असतो. म्हणूनच उतार सुरू होण्याआधी थोडे थांबावे, चढणीवर हँडल आवळून ताठरलेले हात झटकून मोकळे करावेत, सीट खाली घ्यावी आणि श्वास जागेवर आल्यावरच निघावे. या थांबण्याला आळस म्हणणाऱ्या सोबत्याला खुशाल पुढे जाऊ द्यावे.

खुद्द उताराविषयी मात्र थोडक्यात आटोपतो. पेडले आडवी, टाचा खाली, कोपरे व गुडघे वाकलेले आणि सीटला न टेकलेले शरीर, ही मूळ ठेवण आहे. घाबरून अंग फार मागे नेले तर पुढचे चाक हलके होते आणि वळेनासे होते. ब्रेक दगडांवर दाबायचा नाही, दगडांच्या अलीकडे जिथे माती किंवा सलग कातळ असेल तिथे दाबायचा आणि दगड येताच सैल सोडायचा, म्हणजे चाक अडकण्याऐवजी फिरत वर चढते. ब्रेक सतत घासत ठेवल्यास डिस्क, म्हणजे ब्रेक जिला धरतो ती चाकावरची धातूची चकती, तापते आणि ब्रेकची पकड कमी होते. समोरून पायी किंवा घोड्यावरून कोणी येत असेल तर सायकलस्वाराने थांबावे. इंग्लंड आणि वेल्समध्ये 1968 च्या कायद्याने घोडेवाटांवर सायकलींना परवानगी मिळाली, तीही पादचारी व घोडेस्वारांना आधी वाट देण्याच्या अटीवरच. अरुंद खडकाळ वाटेवर, कायदा असो वा नसो, याहून वेगळे काही चालूच शकत नाही.

राहिला प्रश्न उतरून चालण्याचा. इंग्लंडमध्ये 1955 साली रफ-स्टफ फेलोशिप नावाची मंडळी एकत्र आली, तेव्हा माउंटन बाइक जन्मालाही आली नव्हती. ती साध्या सायकली घेऊन डोंगरांत जात आणि जिथे चालवता येत नसे तिथे सायकल बेलाशक खांद्यावर घेत. आजच्या स्वाराने यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. मात्र उतरायचे ते अडखळण्याआधी, आणि पाय टेकायचा तो डोंगराच्या बाजूचा. दरीच्या बाजूचा पाय टेकायला गेले तर तो जमिनीपर्यंत पोहोचतच नाही. ढकलताना आपण वाटेच्या खोल बाजूला आणि सायकल डोंगराकडे, असे कधीही करू नये. पुन्हा स्वार व्हायचे असेल तेव्हा कड संपल्या संपल्या घाई करू नये. थोडे पुढे जाऊन चढ सौम्य झालेली जागा पाहावी, मागचे चाक उचलून पेडल फिरवत योग्य गिअर आधीच लावून घ्यावा, सायकल वाटेला किंचित तिरपी उभी करावी आणि पुढचे पेडल वरच्या टोकाच्या जरासे पुढे आणून त्यावर भार द्यावा. पहिला अर्धा फेरा नीट बसला की दुसरा पाय पेडल शोधेपर्यंत सायकल चालती राहते.