हवा कोण खाऊन राहिलं?

मंडळी, नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये मी देखभालीचं काम बघतो. कार्बन कमी करण्याचं आमचं काम एका रविवारी सुरू झालं. सगळी मशीन बंद, माणसं चार, आणि मशीनना दाबाची हवा पुरवणारा कॉम्प्रेसर मात्र मुद्दाम चालू ठेवलेला. टाकी भरली, प्रेशर सात बारवर आलं, कॉम्प्रेसर अनलोड झाला, म्हणजे हवा भरायचा थांबला. हवा वापरणारं कुणीच नाही म्हटल्यावर त्यानं तसंच राहायला हवं. पण थोड्याच वेळात काटा खाली सरकला आणि तो पुन्हा लोड झाला. पुन्हा थांबला, पुन्हा सुरू. आमचा एक फिटर म्हणाला, "भाऊ, कोणीच नाही इथं, तर हवा कोण खाऊन राहिलं?"

त्या प्रश्नाचं उत्तर घड्याळावर मिळतं. समजा, कॉम्प्रेसर दोन मिनिटं लोडवर चालतो आणि सहा मिनिटं अनलोड राहतो. म्हणजे आठातली दोन मिनिटं तो फक्त गळती भरून काढतोय. त्याच्या क्षमतेचा चौथा हिस्सा गेला. ज्या कारखान्यात गळतीकडे कुणी पाहत नाही, तिथे 20 ते 30 टक्के हवा अशी जाते. यात अतिशयोक्ती नाही. तुमच्याकडे एकदा मोजून बघा.

सात बार दाबाच्या हवेच्या लाइनला तीन मिलिमीटरचं भोक असेल, तर तिथून साधारण तीन किलोवॅट वाया जातात. कॉम्प्रेसर रात्रंदिवस चालू ठेवण्याची सवय अनेक ठिकाणी आहे. आमच्याकडेही होती. म्हणजे दिवसाला 72 युनिट. देशाच्या ग्रीडची सरासरी धरली तर एका युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड होतो. एका भोकाचे रोजचे 50 किलो झाले! एक लिटर पेट्रोल जाळल्यावर 2.3 किलो निघतो. त्या हिशेबानं एखादा माणूस रोज स्कूटरवर नागपूरहून मुंबई गाठून आणखी पुढे जातोय, इतका धूर त्या एका भोकातून निघतो. आणि भोक केवढं, तर ज्वारीच्या दाण्याएवढं.

हा धूर कुठे निघतो, ते नागपूरकराला सांगावं लागत नाही. कोराडीच्या आणि खापरखेड्याच्या वीज केंद्रांच्या चिमण्या आपण लहानपणापासून बघतोय. कोराडीत आज 660 मेगावॅटचे तीन संच आहेत. कोळशाच्या केंद्रात एका युनिटमागे जवळजवळ किलोभर कार्बन डायऑक्साइड होतो; ग्रीडची सरासरी खाली येते ती पाणी, वारा, सूर्य यांच्या विजेमुळे. शिवाय आपल्या कोळशात तिसरा हिस्सा तरी राखच असते. 2022 च्या जुलैत कोराडी केंद्राची राख साठवणारा खसाळ्याचा बांध फुटला, तेव्हा ती राख लोकांच्या शेतात शिरली. आमच्या वर्कशॉपमध्ये त्या बाजूच्या गावांतून येणारी पोरं आहेत. त्यांना कार्बन फूटप्रिंट म्हणजे काय ते समजावताना मला पुस्तकी व्याख्या लागली नाही.

त्या रविवारच्या आधी आमच्याकडे एक परिपत्रक निघालं होतं. "सर्व कामगारांनी वीज जपून वापरावी." त्यावर सह्या झाल्या, कागद बोर्डावर लागला, आणि ज्या केबिनमधून तो निघाला तिथला एसी 18 वरच राहिला. मला याचा राग आला होता, अजूनही येतो. पत्र्याखाली, मे महिन्यात, वेल्डिंगच्या ज्वाळेसमोर उभा असलेला माणूस सायकलनं कामावर येतो. त्याच्या वाट्याला आधीच कार्बन किती कमी! त्याला पंखा बंद कर म्हणणं मला पटत नाही. ज्याचा वाटा मोठा, त्यानं आधी हात घालावा. आमच्याकडे केबिनचे एसी आधी 24 वर आले, मगच आम्ही शॉप फ्लोअरवर गेलो. एक अंश वर नेला की एसीची सुमारे सहा टक्के वीज वाचते, हे आकडे साहेबांना दिले. त्यांनी ऐकलं, हे मी आवर्जून सांगतो. एप्रिल-मे या कोरड्या महिन्यांत ऑफिसमध्ये पुन्हा कूलर लावले. दीड टनाचा एसी दीड किलोवॅट ओढतो, तिथे कूलरचं काम दोनशे वॅटच्या आसपास भागतं. मृग लागला की मात्र कूलर फक्त चिकचिक करतो, तेव्हा एसीच.

मग गळत्या शोधायला सुरुवात झाली. साबणाचं पाणी, ब्रश आणि लाल चिंध्या. बुडबुडा दिसला की तिथे चिंधी बांधायची. होजच्या क्लॅम्पवर, कपलिंगवर, उघड्या राहिलेल्या ड्रेन व्हॉल्व्हवर. दुपारपर्यंत लाइन जत्रेतल्या झाडासारखी दिसायला लागली. सगळ्यात जास्त चिंध्या पॅकिंगमधल्या एका ताईंनी बांधल्या. त्या रोज जिथे बसतात, तिथल्या भिंतीमागचा फुसफुस आवाज त्यांना केव्हापासून ऐकू येत होता. "सांगितलं का नाही?" असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "दादा, मला कोणी विचारलंच नाही ना." हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. मीटर माझ्याकडे होते, पण कारखान्याचा कान त्यांच्याकडे होता.

मेट्रोचंही थोडं सांगतो. लोकमान्य नगरपर्यंत मेट्रो 2020 मध्येच आली. पहिल्या पाळीतले बरेच जण आता तिनं येतात आणि पुढे शेअर ऑटो करतात. दुसरी पाळी सुटते तेव्हा मेट्रो बंद झालेली असते, त्यामुळे त्या पाळीतल्यांना स्वतःच्या गाड्या सोडता येणार नाहीत. निदान एका वस्तीतल्या दोघांनी एक गाडी आणावी, एवढंच त्यांच्याशी ठरलं.

खरा वाद झाला तो वाचलेल्या पैशांवरून. महावितरणचं बिल कमी आलं, तेव्हा पोरांनी सरळ विचारलं, "बिल कंपनीचं वाचलं, आमचं काय?" प्रश्न रास्त होता. बैठक लांबली, आवाज चढले. शेवटी ठरलं की पहिली बचत वेल्डिंग शेडच्या पत्र्यावर जाईल. पत्र्याला पांढरा रंग आणि वर फिरणारे व्हेंटिलेटर. पुढच्या उन्हाळ्यात त्या शेडमध्ये दुपारी जेवणाचे डबे उघडले जाऊ लागले. आधी सगळे झाडाखाली पळायचे.

भट्टीचं काम अजून बाकी आहे. तिथे डिझेल जळतं, लिटरमागे 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड, आणि त्यावर आमच्याकडे साबणाच्या पाण्यासारखा सोपा उपाय नाही.

तुमच्यापैकी कुणाच्या कारखान्यात कॉम्प्रेसर असेल, तर येत्या रविवारी मला बोलवा. मशीन बंद ठेवा, कॉम्प्रेसर चालू. ब्रश आणि चिंध्या मी आणतो. पॅकिंगमधल्या माणसांनाही बोलवा.