घरान बोलतंस तशी

(दृश्य: पहाटेची खाडी. तिवरांमधून बाहेर येणारी होडी. मागे पाम बीच रोडवरच्या गाड्यांचे दिवे.)

ही होडी. माझ्या घरात हिला होरी म्हणतात. पाण्याला पानी, डोळ्यांना डोले. मी नवी मुंबईतल्या करावे गावची, आगरी. आगर म्हणजे मिठागर, त्यावरून आमचं नाव पडलं.

शाळेत मी पहिल्यांदा ‘पानी’ म्हटलं तेव्हा बाई रागावल्या नाहीत. नुसत्या हसल्या. मग सगळा वर्ग हसला. त्या दिवसापासून मी तोंड उघडण्याआधी प्रत्येक शब्द मनात एकदा म्हणून बघायला लागले.

(दृश्य: गावातली अरुंद गल्ली, शेवटी उभी असलेली उंच इमारत.)

१७ मार्च १९७० ला सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी, स्थापन झाली. ठाणे आणि आताच्या रायगड जिल्ह्यातल्या ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर उभं राहिलं. भातशेती गेली, मिठागरं गेली. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली माणसं रस्त्यावर उतरली. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतके विकसित भूखंड मूळ मालकांना परत देणारी ‘साडेबारा टक्के योजना’ त्या लढ्यातून आली, हे आमच्याकडे लहान पोरांनाही ठाऊक असतं.

जमिनीसाठी आमची माणसं गोळ्यांसमोर उभी राहिली. बोलीसाठी मी वर्गात हातसुद्धा वर केला नाही.

तो तास मला अजून आठवतो. मराठीचा होता. तेराव्या शतकातली महदंबा, मराठीची आद्य कवयित्री, तिचे धवळे. महानुभाव पंथातले गुरू गोविंदप्रभू, त्यांच्या विवाहसोहळ्यासाठी रचलेली गाणी. बाईंनी विचारलं, “धवळे म्हणजे काय, कोणाला माहीत आहे?” कोणालाच माहीत नव्हतं. मला होतं. माझी आजी धवलारीण. आमच्याकडे लग्नाचे विधी धवलारीण गाऊन लावते. हळदीपासून पुढचं सगळं तिच्या आवाजावर चालतं. सातशे वर्षांपूर्वीचा तो शब्द माझ्या घरात जिवंत होता, रोजच्या वापरातला. फक्त आमच्या तोंडी तो ‘धवले’ होता. मी मान खाली घालून बसले.

पुढे कॉलेजात आईचा फोन आला की मी जिन्यात जायचे. “कवा येतंस गो? पानी आयलाय.” आणि मी इकडून हळू आवाजात, “हो आई, येते.” पत्ता विचारला तर करावे नाही म्हणायचे, सीवूड्स म्हणायचे.

आणि गावात? तिथे ही जिन्यातली भाषा चुकून तोंडातून निघाली, की ओट्यावरून आवाज यायचा, “मोठी शानी झालीस!” शहराला मी शहरासारखी हवी होते, गावाला गावासारखी. गावाचा धाक कमी असतो असं मी म्हणणार नाही. हळदीला किती माणसं जेवली, पोरीच्या अंगावर किती सोनं होतं, यावर आमच्याकडे घराची किंमत ठरते, आणि त्यापायी कर्जात बुडालेली घरं मी पाहिलीत. माझेपण त्या मोजमापातही बसत नाही.

(दृश्य: मासळीच्या टोपल्या, जिवंत चिंबोऱ्या बांधणारे हात.)

‘ळ’चा ‘ल’, ‘ण’चा ‘न’, ‘होडी’ची ‘होरी’. कुठलाही आगरी माणूस ऐका, हे बदल त्याच जागी, त्याच पद्धतीने होतात. चुका अशा शिस्तीत होत नसतात. हा नियम आहे. १९०५ साली छापलेल्या, भाषाशास्त्रज्ञ ग्रियर्सनच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात, मराठीच्या बोलींमध्ये, आगरीची नोंद आहे. हे मला तिसाव्या वर्षी कळलं. आठव्या वर्षी कोणी सांगितलं असतं तर!

(दृश्य: घराची पडवी. आजी पाटावर बसलेली. समोर कॅमेरा.)

या फिल्मसाठी मी आजीसमोर कॅमेरा लावला. तिने नऊवारीचा पदर नीट केला, माझ्याकडे न बघता भिंगाकडे बघितलं आणि म्हणाली, “नमस्कार. मी... धवळे म्हणते.” त्या ‘ळ’पाशी तिची जीभ अडखळली. तिने पुन्हा म्हटलं, अजून जोर लावून. कपाळावर घाम.

दहावीत असताना तिचे शब्द मीच सुधारायचे. घरी मैत्रिणी येणार असल्या की सांगायचे, आजे, असं नको म्हणू, तसं म्हण. तिने ते इतकी वर्षं जपून ठेवलं होतं. माझी लाज जाऊ नये म्हणून.

मी कॅमेऱ्यामागून उठून तिच्या शेजारी जाऊन बसले.

“आजे, जशी घरान बोलतंस तशीच बोल.”

“टीव्हीवर आपला बोलना चालल काय गो?”

“चालल.”

तिने माझा हात सोडला नाही. दुसऱ्या हाताने कपाळ पुसलं, डोले मिटले आणि हळदीचा पहिला धवला उचलला.

(आजीचा आवाज. निवेदन नाही.)