पावसाचं वाहन वारा

नमस्कार मंडळी. नॉर्वेतल्या बर्गन शहरातल्या आणि आजूबाजूच्या फ्योर्डांकाठच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या खाड्यांकाठच्या, सगळ्या मराठी घरांना सोमवार सकाळचा नमस्कार. एप्रिलचा शेवटचा आठवडा सुरू होतोय, तेव्हा आधी हवामान, मग बाकीच्या गप्पा.

काल देवरुखहून आईचा फोन होता. तिकडे आगोटीची कामं निघाली आहेत. सरपण पडवीत घेतलं, पापड वाळले, कौलं परतायला माणूस येऊन गेला. बोलता बोलता तिचा नेहमीचा प्रश्न आलाच, "अगं, तुमच्याकडचा पाऊस दमत नाही का गं?"

दमतो. आत्ताच दमतो. एप्रिल ते जून हे इथले त्यातल्या त्यात कोरडे महिने. त्यातल्या त्यात हा शब्द मात्र नीट ऐका. वर्षाकाठी बर्गनला सव्वादोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आपली मुंबईही साधारण तेवढाच झेलते, पण ती चार महिन्यांत मोकळी होते. इथे तोच पाऊस बारा महिने पुरवून पुरवून वाढला जातो. 2006च्या ऑक्टोबर अखेरीपासून 2007च्या जानेवारीपर्यंत सलग 85 दिवस रोज पाऊस पडल्याची नोंद आहे. कारण मात्र कोकणातलंच: समुद्रावरून आलेला ओला वारा डोंगराला धडकतो, वर चढतो, गार होतो आणि ओझं खाली टाकतो. तिथे सह्याद्री, इथे उल्रिकेन आणि फ्लोयेन.

आता या आठवड्याचं. आपल्याकडे पंचांगात पाहतात, मृगाचं वाहन काय, बेडूक की गाढव. इथल्या पावसाचं वाहन वारा. वारा कुठून येतोय ते कळलं की निम्मा अंदाज तुमचा तुम्हीच सांगाल.

आज दुपारी आभाळात पिसांसारखे पांढरे ढग दिसतील, सूर्याभोवती कदाचित खळंही पडेल. ऊन आहे म्हणून कपडे बाहेर वाळत घालू नका. आइसलँडच्या बाजूने कमी दाबाचा पट्टा सरकतोय. संध्याकाळी मळभ दाटेल, वारा दक्षिणेचा होईल, रात्री रिपरिप लागेल. मंगळवार पूर्ण कुंद. नैऋत्येचा वारा, हवा जरा उबदार, आठ-दहा अंश, आणि ती भुरभुर, जी पडताना दिसत नाही पण चष्मा सतत पुसावा लागतो. मंगळवारी रात्री तासाभराची एक दणदणीत सर येईल आणि वारा वायव्येकडे फिरेल.

आधी खळं, मग रिपरिप, मग भुरभुर, मग सर. हा क्रम याच शहरात बसून उलगडला, हे मला फार आवडतं. 1917 साली विल्हेल्म ब्येर्कनेस हे शास्त्रज्ञ जर्मनीतल्या लायपझिगहून इथे आले. महायुद्ध चालू, धान्याची टंचाई, आणि युद्धामुळे समुद्रापलीकडून येणाऱ्या हवामानाच्या तारा बंद. तेव्हा त्यांनी किनाऱ्यावर जागोजागी निरीक्षणाची ठाणी वाढवली. त्या दाट नोंदींवरून त्यांच्या मुलाने, याकोबने, विशीच्या उंबरठ्यावर असताना दाखवून दिलं की गरम आणि गार हवा एकमेकींत सहज मिसळत नाहीत, रेषा धरून भिडतात. त्या रेषेला नाव मिळालं युद्धातलंच, फ्रंट, म्हणजे आघाडी. आज जगभरच्या नकाशांवर ज्या रेषा काढतात, त्या इथल्या.

बुधवार-गुरुवार वायव्येचा वारा. ध्रुवाकडची गार हवा सहा-सात अंशांच्या समुद्रावरून येताना खालून तापते, म्हणून सरीवर सरी. दहा मिनिटं गारा, दहा मिनिटं लख्ख ऊन, ब्रिगेन या जुन्या धक्क्यावरच्या लाकडी घरांवर इंद्रधनुष्य, की परत गारा. उल्रिकेनच्या माथ्यावर नवं बर्फ दिसेल. छत्री घेऊ नका. माझी पहिली छत्री याच वाऱ्याने बंदरावर उलटी केली. मी काड्या सरळ करत उभी होते, तेवढ्यात शेजारून ढोल बडवत बूएकोर्प्सची, म्हणजे इथल्या मुलांच्या संचलन पथकाची, पोरं गेली, चिंब भिजलेली, आणि एकाचाही ताल चुकला नाही. तेव्हापासून मी टोपीवाला रेनकोट घालते.

शुक्रवारपासून उघडीप. जास्त दाबाचा पट्टा येतोय, वारा पूर्वेचा, म्हणजे जमिनीवरून येणारा आणि कोरडा. रात्री नऊ वाजून गेले तरी उजेड असेल. सगळं गाव डोंगरावर चढेल, तुम्हीही जालच. पण तिथे शेगडी पेटवू नका. हसू नका, मागच्या वर्षीचं वाळलेलं गवत दोन दिवसांच्या पूर्वेच्या वाऱ्यात सरपण होतं, आणि वसंतात या पावसाळी किनाऱ्यावर वणवे लागतात. 15 एप्रिल ते 15 सप्टेंबर रानात आणि रानालगत विस्तव करायला बंदीच आहे. थालीपीठं घरूनच भाजून न्या.

आणि एक, आभाळ निरभ्र म्हणजे रात्र गार. शनिवारी पहाटे पारा शून्याजवळ जाईल. ज्यांनी उन्हाला भुलून तुळशीची कुंडी बाल्कनीत ठेवली असेल, त्यांनी शुक्रवारी झोपण्यापूर्वी ती आत घ्या. माझी गेल्या वर्षी गेली.