ट्रेड निवडायचा की गाव? अग्निवीरचा अर्ज भरण्याआधी हे ऐका

राम राम मंडळी. सकाळचे साडेसहा वाजलेत, उपवन तलावाच्या काठावर आहे मी. मागे पोरं दिसतायत ना, ती भरतीच्या सोळाशे मीटर धावण्याची तयारी करतायत. त्यातल्या एकानं काल विचारलं, "दादा, टेक्निकलला गेलो तर लांब टाकतील. असा ट्रेड सांगा, ज्यात मुंबई-ठाणं मिळेल." त्याची आई शेजारीच उभी होती. प्रश्न तिचाच होता, हे तिच्या तोंडाकडे बघूनच कळत होतं.

ताई, तुमच्यासाठी आणि तुमच्यासारख्या सगळ्या घरांसाठी आजचा व्हिडिओ.

लष्कराच्या अग्निवीर अर्जात तुम्ही गट, म्हणजे ट्रेड निवडता: जनरल ड्युटी म्हणजे जीडी, टेक्निकल, क्लर्क-स्टोअरकीपर, ट्रेड्समन. 2025 च्या भरतीपासून एकाच वेळी दोन गटांसाठी अर्ज करता येतो. परीक्षेच्या केंद्राची पसंती देता येते. पोस्टिंगच्या गावाची पसंती कुठेच विचारत नाहीत. पुढे कोणती कोअर, म्हणजे लष्कराची शाखा, कोणतं युनिट, ते जागा आणि गरज बघून ठरतं.

आपल्याकडे घोळ का होतो, तेही समजतं मला. येऊरला चढताना हवाई दलाचं गेट लागतं, कोलशेत रोडला त्यांचं स्टेशन आहे, नौदलाची पश्चिम कमान मुंबईतच. रोज डोळ्यांसमोर असल्यामुळे वाटतं, इथंच कुठंतरी आपलं जमेल. ऐरोलीचा माझा एक मित्र नौदलात होता. त्याला जहाज मिळालं मुंबईचंच, घरी पेढे वाटले. पण जहाज समुद्रात गेलं की आठवडेच्या आठवडे बाहेर. पोरगं पहिलं पाऊल टाकत होतं तेव्हा हा समुद्रात होता.

जीडीवाल्यांचा दुसरा गैरसमज म्हणजे बेळगाव. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर बेळगावला, घरापासून एका रात्रीचा प्रवास, मग काय चिंता? अरे, तिथं ट्रेनिंग होतं. ट्रेनिंग संपून कसम परेड, म्हणजे शपथेची परेड झाली की पलटणीत जायचं, आणि पलटण काश्मीरला असेल, ईशान्येला असेल, नाहीतर कुठल्या पीस स्टेशनला, म्हणजे शांत भागातल्या छावणीत. दोन-तीन वर्षांनी अख्खी पलटण सामान बांधून हलते. क्लर्कला शहर मिळतं हेही तसंच. क्लर्क प्रत्येक युनिटला लागतो, फील्डमधल्या, म्हणजे सीमेकडच्या युनिटलासुद्धा.

आता माझं सांगतो. मी सिग्नल्सचा, म्हणजे लष्कराच्या संपर्क यंत्रणा सांभाळणाऱ्या शाखेचा. जबलपूरला ट्रेनिंग, मग सतरा वर्षांत पंजाब, लेहच्या पुढे, आसाम, राजस्थान. महाराष्ट्र एकदाही नाही. वडील गेले तेव्हा तिसऱ्या दिवशी पोचलो. हे लपवून मी तुम्हाला सल्ला देणार नाही.

पण हे बघा. [खिशातून फायबर केबलचा तुकडा काढून कॅमेऱ्याजवळ धरतो.] वरचं आवरण सोललं की आत केसाएवढी काच राहते. ती पुसायची, सरळ कापायची आणि दोन टोकं मशीनमध्ये वितळवून जोडायची. उरलेला तुकडा आधी चिकटपट्टीवर लावायचा, कारण तो कपड्यावर पडला तर दिसत नाही आणि बोटात रुतला तर निघत नाही. हे मला फौजेनं शिकवलं, तेही अशा थंडीत जिथं केबल काठीसारखी कडक व्हायची. आज रबाळ्याच्या एका डेटा सेंटरमध्ये मी हेच काम करतो. आईला घेऊन कळव्यात राहतो. मला ठाण्यात आणलं ते माझ्या ट्रेडनं.

अग्निवीरांनी तर हा विचार जास्तच करायला हवा. नोकरी चार वर्षांची, त्यानंतर कायम होणार जास्तीत जास्त पंचवीस टक्के. पहिली तुकडी जानेवारी 2023 मध्ये ट्रेनिंगला गेली, म्हणजे तिची चार वर्षं 2026 संपता-संपता भरतात. बाकीचे सेवा निधी, म्हणजे शेवटी मिळणारी एकरकमी रक्कम, आणि हातातलं कसब घेऊन घरी येतील. वर्षाची सुट्टी तीस दिवस. आसामात तेजपूरला असा नाहीतर पुण्याला, तीसच. पुण्याला असलात तर रविवारी आई येऊन भेटून जाईल. हा फरक लहान नाही, मी मान्य करतो. पण त्यासाठी टेक्निकल सोडू नका, कारण जीडी भरून पुणं मिळेलच असं कुणीही लिहून देणार नाही.

जीडी कमी दर्जाचं आहे असं मी अजिबात म्हणत नाही. ज्याचा जीव पायदळात आहे त्यानं जीडीच भरावं, छाती पुढे काढून. बारावी सायन्स पन्नास टक्क्यांनी पास, हाताला यंत्राची आवड, आणि केवळ "जवळ मिळेल" म्हणून जीडी भरणारा मुलगा दिसला की मात्र मला वाईट वाटतं.

आणि घरी खरंच तुझ्याशिवाय कुणी नसेल, आजारपण असेल, तर स्पष्ट बोलतो: पोलीस शिपाई भरती बघ. ती घटकनिहाय, म्हणजे प्रत्येक शहर-जिल्ह्याच्या पोलिसांसाठी वेगळी होते. ठाणे शहरला लागलास तर नोकरी साधारण ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीतच. तीही वर्दीच आहे.

कालच्या त्या ताईंनी शेवटी एकच विचारलं, "सुट्टीला नक्की सोडतात ना?" मी म्हटलं, सोडतात, पण गणपतीलाच सोडतील असं नाही. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मुलाला म्हणाल्या, "बारावीची मार्कशीट काढून ठेव."